नोटिशीचा मुहूर्त

माणसाला कामावरून काढायला काय लागतं, असं दीड वर्षापूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, "एक वाक्य." आता विचाराल तर सांगेन: तीन पत्रं, दोन बैठका, एक सरकारी कचेरी, शेजारी राहणारा एक निवृत्त कारकून, आणि हे सगळं आटोपल्यावर बायकोबरोबर एका गाडीत बसून घरी यायची हिंमत.

जावा बेटावरच्या सोलो शहरात, जुन्या बाजारामागच्या गल्लीत माझा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. वडिलांनी काढला, मी चालवतो आणि खरं बोलायचं तर लेगिमान सांभाळतो. वडील होते तेव्हा तो खिळे जुळवायचा. आता संगणकावर मजकूर बसवतो आणि दारालगतच्या टेबलावर बसून गिऱ्हाइकांना नमुने दाखवतो. एकतीस वर्षं झाली त्याला इथे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण मला अजून 'धाकटे मालक' म्हणतो. थोरले मालक जाऊन अकरा वर्षं झाली. एकावन्नाव्या वर्षी धाकटा म्हणवून घेताना माणसाला बरं वाटतं की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आता मुख्य दुखणं. आमच्याकडे प्रत्येक माणूस दोन वारांवर जन्मतो. एक वार सात दिवसांच्या आठवड्यातला, दुसरा पाच दिवसांच्या बाजाराचा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. प्रत्येक वाराला आकडा असतो. नवरा-नवरीचे आकडे मिळवायचे, लग्नाच्या दिवसाचा त्यात घालायचा, भागायचं, आणि जी बाकी उरेल तिच्यावर संसार. आपले वार सगळ्यांनाच ठाऊक असतात, पण हे गणित फार थोड्यांना येतं. लेगिमानला ते बापाकडून आलेलं, आणि त्याच गणितानं माझ्या छापखान्याला वाळवी लावली.

पहिल्यांदा झालं ते असं. एक मुख्याध्यापिका मुलीच्या लग्नाच्या पाचशे पत्रिका न्यायला आल्या. पत्रिका पाहून खूश झाल्या. निघता निघता म्हणाल्या, "पाक लेगिमान, दिवसही छान आहे ना हो?"

"त्या महिन्यात हवा छान असते, बू." पुरुषाला 'पाक' आणि बाईला 'बू' ही आमच्याकडची मानाची हाक.

"हवेचं नाही विचारत. आकड्यांचं विचारते."

लेगिमाननं पेन खाली ठेवलं. "ते नका विचारू, बू."

झालं! 'नका विचारू' म्हटल्यावर न विचारणारी आई अजून जन्माला यायची आहे. बाईंनी खुर्ची ओढली. लेगिमाननं कागदाच्या कपट्यावर बेरीज केली आणि अत्यंत दुःखी चेहऱ्यानं सांगितलं की बाकी 'फारकती'वर थांबते. बाईंनी पाणी मागितलं. पत्रिका टेबलावरच राहिल्या. लग्न तीन महिने पुढे गेलं आणि नव्या पत्रिका त्यांनी दुसरीकडे छापल्या, कारण आमच्या पत्रिका म्हणे अपशकुनी. मी आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होतो. हातातला चहाचा पेला तोंडापर्यंत गेला होता, तो तिथेच थिजला.

वरातीमागून घोडं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? असं दोन महिन्यांत तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला तर लग्नच मोडलं. लोक छापलेली पत्रिका नेत नाहीत, आणि दुसऱ्याच्या नावाची पत्रिका तिसऱ्याला विकता येत नाही. असंच चाललं तर वर्ष संपायच्या आत वडिलांच्या छापखान्याला माझ्या हातानं कुलूप लागणार, हे मला दिसायला लागलं.

"मी त्याला काढणार," मी जेवताना जाहीर केलं.

"कुणाला?" विनार्नीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"लेगिमानला."

"तुम्ही?" तिनं भाताचा चमचा खाली ठेवला. "समोरच्यांचा कोंबडा चार वर्षं आपल्या खिडकीखाली आरवतोय, ते त्यांना सांगता आलं नाही अजून तुम्हाला."

"मी सांगितलं होतं."

"काय सांगितलंत? 'तुमच्या कोंबड्याचा गळा फार मोकळा आहे' म्हणालात. त्यांनी आनंदानं आणखी एक आणला."

आता हे खरं आहे, पण यात माझा दोष काय? आम्हा जावाच्या माणसांत ताकाला जाऊन भांडं लपवणं हा दुर्गुण नाही, संस्कार आहे. तोंडावर 'नको' म्हणणारा माणूस आमच्याकडे एक तर दारू प्यायलेला असतो नाहीतर बाहेरून आलेला.

तेवढ्यात कुंपणावरून पाक सुप्रिहादींचा आवाज आला. हे आमचे शेजारी. तीस वर्षं त्यांनी कोर्टात फायली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेल्या आणि नेता नेता वाचल्या. आमच्या जेवणघराची खिडकी त्यांच्या जास्वंदीकडे उघडते, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट पुन्हा सांगावी लागत नाही.

"पाक गुनार्सो, अहो, असं काढता येत नाही हो! कायदा आहे. आधी तीन ताकीदपत्रं. प्रत्येक पत्र सहा महिने जिवंत असतं. तेवढ्यात पुन्हा चूक झाली तर पुढचं पत्र. तिसऱ्यानंतर दोघांनी बसून बोलायचं. मग कामगार कचेरी. तिथे नाही मिटलं तर कोर्ट, आणि ते लांब सेमारांग शहरात. हे सोडून काही केलंत तर छापखाना त्याचा होईल आणि तुम्ही त्याला 'मालक' म्हणाल."

माझा घास घशात अडकला. विनार्नीनं पाणी पुढे केलं आणि सुप्रिहादींना तळलेली केळी.

पहिलं पत्र लिहायला मला चार दिवस लागले. सुरुवातीला प्रकृतीची चौकशी केली. मग एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल कृतज्ञता. मग शेवटी, कडेकडेनं, 'गिऱ्हाइकांना दिवसाच्या बऱ्यावाईटाविषयी जी माहिती आपण देता ती न दिल्यास छापखाना आपला ऋणी राहील.' सुप्रिहादींनी ते दोनदा वाचलं. "ही ताकीद आहे की सत्कार?" असं म्हणून त्यांनी वर लाल शाईनं ठळक अक्षरांत 'पहिली ताकीद' लिहिलं. मला ते फार असभ्य वाटलं.

मंगळवारी सकाळी मी ते पत्र लेगिमानच्या हाती दिलं. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, सावकाश वाचलं आणि मान हलवली. "बरोबर आहे, धाकटे मालक. माझं चुकतंच." मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. "पण हे आज नका देऊ."

"का?"

"मंगळवार आणि वागे. आज दिलेला कागद देणाऱ्याच्या घरावर उलटतो. गुरुवारी द्या. गुरुवार चांगला आहे, काम फत्ते होईल."

वाचकहो, मी ते पत्र परत घेतलं.

मला हसा, पण आधी आमच्या बाजारात उभं राहून बघा. इथे कुणी मंगळवार-वागेला नवा झाडू विकत घेत नाही. घरी आल्यावर विनार्नीनं डोक्याला हात लावला. "नोटीस परत आणलीत? ज्याला द्यायची त्याच्याच सांगण्यावरून?"

"घरावर उलटते म्हणाला."

ती आमच्या दोन्ही मुलांच्या फोटोंकडे बघून म्हणाली, "मग गुरुवारीच द्या."

गुरुवारी दिली. लेगिमाननं सही केली आणि विचारलं, "याची प्रत कुठल्या फायलीत लावू?" कारण कागद फायलीला लावणं हे त्याचं काम. त्यानं एक नवी फाईल उघडली, तिच्यावर सुंदर अक्षरात स्वतःचं नाव घातलं आणि कपाटात 'ल'च्या खणात ठेवून दिली.

त्यानंतर जवळजवळ पाच महिने त्यानं एक शब्दही उच्चारला नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "पाक लेगिमान, दिवस कसा आहे?" लेगिमान छताकडे बघायचा आणि उसासा टाकायचा. असा उसासा मी आयुष्यात ऐकला नव्हता. पोटाच्या तळापासून निघायचा आणि पुरता बाहेर यायला एवढा वेळ घ्यायचा की तोवर नवरीची आई रडायला लागलेली असायची. आकड्यांनी मोडली नसती एवढी लग्नं त्या उसाशांनी पुढे ढकलली.

"उसाशाबद्दल ताकीद देता येते का हो?" मी सुप्रिहादींना विचारलं.

"प्रश्न गहन आहे," ते म्हणाले. "श्वास घेणं हा माणसाचा हक्क आहे. पण सोडणं? कामाच्या वेळात, गिऱ्हाइकासमोर, नुकसान होईल अशा रीतीनं सोडणं? हे वेगळं प्रकरण आहे." त्यांनी उत्साहानं चष्मा पुसला. नोकरीत असताना त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं, ती सगळी वर्षं माझ्यावर निघत होती.

दुसरी ताकीद लिहून झाली, पण माझ्या संगणकाचं आणि छापयंत्राचं त्या दिवशी पटेना. मी अर्धा तास झटापट केल्यावर लेगिमान उठून आला. "द्या इकडे, मी काढून देतो." आणि त्यानं, मी सांगतो ते खरं माना, स्वतःची दुसरी ताकीद स्वतः टंकली, तिच्यातल्या माझ्या दोन चुका सुधारल्या आणि जाड मलईदार कागदावर छापून आणली. सवयीनं चारी बाजूंनी सोनेरी मोगऱ्याची वेलही आली होती.

"ही वेल काढा," मी कसंबसं म्हणालो.

"राहू द्या ना. कोरा कागद बरा नाही दिसत. फक्त आज देऊ नका, धाकटे मालक. पुढचा चांगला दिवस पाच आठवड्यांनी आहे."

मी पाच आठवडे थांबलो. तुम्ही म्हणाल, एवढा कसा हा माणूस भोळसट? पण पहिल्या पत्राचा दिवस त्यानं बरोबर सांगितला होता की नाही? घराला काही झालं नव्हतं.

मग आले आमचे वॉर्डप्रमुख. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका, एक हजार, सोनेरी मुलामा दिलेल्या. ते गणवेशात आले आणि टेबलापुढे उभे राहिले. "लेगिमान, आकडे काय म्हणतात?"

मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून दोन्ही हात हलवत होतो. लेगिमाननं ते पाहिलं आणि आज्ञाधारकपणे म्हणाला, "क्षमा असावी, मला बोलता येत नाही. मला दोन ताकिदी मिळाल्यात."

"कसल्या ताकिदी?"

"दिवस वाईट असला तर सांगायचं नाही अशा."

वॉर्डप्रमुख हळूच माझ्याकडे वळले. माझे हात अजून वरच होते. "म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे," ते म्हणाले आणि एक हजार पत्रिका तिथेच टाकून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डात बातमी: गुनार्सो खरं बोलणाऱ्याला नोटिसा देतो. मशिदीतून येताना दोघांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. कोंबडेवाल्या समोरच्या बाईनं विनार्नीला विचारलं, "आणखी काय काय लपवून छापता हो तुम्ही?" तीस वर्षं मी या गल्लीत मान खाली घालून, सगळ्यांना आधी नमस्कार करून जगलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिसरी ताकीद गेली. लेगिमाननं ती घेतली आणि दिवसाबद्दल काहीच बोलला नाही. ते मला जास्त लागलं.

कायद्याप्रमाणे मग दोघांनी समोरासमोर बसून बोलायचं आणि बोललेलं लिहून ठेवायचं. अशा दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीचं टिपण माझ्याकडे आहे, लेगिमानच्याच अक्षरात: 'उभय पक्षांनी एकमेकांच्या कुटुंबाची विचारपूस केली. चहा झाला. धाकट्या मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. काही निष्पन्न झालं नाही.' दुसऱ्या बैठकीत चहाबरोबर भजी होती, एवढाच फरक. मला त्याला सांगायचं होतं की या वयात तुला दुसरं कोण ठेवणार हे मला कळतं, माझ्या पोटात तुटतं, पण मला छापखाना वाचवायचाय. प्रत्यक्षात मी म्हणालो, "यंदा आंबे बरे आहेत." तो म्हणाला, "हो, गोड आहेत."

अखेर कामगार कचेरीची तारीख आली. विनार्नी माझ्याबरोबर आली, कारण मी एकटा गेलो तर छापखाना दान करून येईन अशी तिला भीती होती. सुप्रिहादी इस्त्री केलेला बाटिकचा सदरा घालून 'सल्लागार' म्हणून आले. कचेरीच्या पायऱ्या चढलो आणि माझ्या लक्षात आलं, फाईल छापखान्यातच राहिली! तिन्ही ताकिदी, दोन्ही टिपणं, सगळा पुरावा.

"धाकटे मालक," मागून आवाज आला. लेगिमान घामाघूम उभा होता, काखोटीला ती फाईल. "टेबलावर विसरला होतात. लागेल ना आज?"

सुप्रिहादी माझ्या कानात कुजबुजले, "विरोधी पक्षानं पुरावा आणून दिलेला मी प्रथमच पाहतोय. घ्या, घ्या लवकर."

आमचं प्रकरण ज्यांच्यापुढे होतं त्या मध्यस्थ बाई बू सिनागा, सुमात्रातल्या तोबा सरोवराकडच्या. तिकडची माणसं मनात आलं की बोलून मोकळी होतात. बाई छोट्या चणीच्या, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या प्रकरणांतही आपोआप मध्यस्थी व्हावी. त्यांनी फाईल उघडली, मोगऱ्याची वेल पाहिली आणि विचारलं, "ही लग्नपत्रिका इथे कशाला लावलीत?"

"ती दुसरी ताकीद आहे," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. मग तारखा बघू लागल्या आणि अचानक बोट एका जागी थांबलं. "पहिलं पत्र सहा महिने चालतं. दुसरं तुम्ही दिलंत सहा महिने आणि एका दिवसानं. म्हणजे तेव्हा पहिलं मेलेलं होतं. मेलेल्या पत्रावर दुसरं उभं राहत नाही. हे तुमचं दुसरं, ते पहिलं झालं. तिसरं, ते दुसरं झालं. तिसरं पत्र तुमच्याकडे नाहीच!"

मी सुप्रिहादींकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

"एवढा उशीर का केलात?"

"दिवस चांगला नव्हता," मी पुटपुटलो.

"कोण म्हणालं?"

लेगिमाननं नम्रपणे हात वर केला.

बू सिनागांनी खुर्ची मागे सारली. "ज्याला ताकीद द्यायची त्यानंच ताकिदीचा मुहूर्त काढून दिला? आणि ह्यांनी तो पाळला? अरे देवा! इथे लोक एकमेकांच्या नरड्याला हात घालतात ते मी बघितलंय. हे नाही बघितलं." त्यांनी टेबलावर थाप मारली. "सरळ बोला. पाक गुनार्सो, हा माणूस तुम्हाला हवाय की नको?"

"म्हणजे आता, एकंदरीत विचार करता..."

"हवाय की नको!"

"यंदा..." मी म्हणालो, आणि विनार्नीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, कारण तिला कळलं होतं की मी आता आंब्यांवर येणार.

बाई लेगिमानकडे वळल्या. "तुम्ही सांगा. पत्रिका छापून झाल्यावर कशाला सांगता लोकांना? आधी का नाही?"

"आधी कुणी विचारत नाही, बू. न विचारता सांगणं उद्धटपणा होतो."

"मग विचारल्यावर 'चांगला आहे' म्हणून मोकळं व्हायचं! एक खोटं बोललात तर काय बिघडतं?"

लेगिमाननं आपल्या हातांकडे पाहिलं. उसासा टाकील असं मला वाटलं, पण टाकला नाही. "एकदा बोललोय," तो म्हणाला. "त्याचंच अजून निस्तरतोय."

"कुणाशी?"

"ते सांगणं बरं नाही."

"इथे सगळं सांगायचं असतं. बोला!"

त्यानं आधी विनार्नीकडे आणि मग माझ्याकडे पाहून क्षमा मागितल्यासारखी मान लववली. "ह्यांच्याच लग्नाच्या वेळी, बू. अठ्ठावीस वर्षं झाली. थोरल्या मालकांनी मला आकडे बघायला बसवलं. धाकटे मालक दाराआड उभे होते. तीन दिवस जेवले नव्हते, मास्तरांच्या ह्याच मुलीशी लग्न करायचं म्हणून. मी बेरीज केली. एकदा केली, दोनदा केली. फारकत. कशीही केली तरी फारकत. मी मान वर केली तर दाराच्या फटीतून ह्यांचा डोळा दिसला. मी थोरल्या मालकांना सांगितलं, उत्तम जमतंय."

विनार्नीनं माझ्या पायावरचा पाय काढून घेतला.

"मग?" बू सिनागांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"मग काय, बू. खोटं मी बोललो, संसार ह्यांचा. ह्यांचं काही वाईट झालं तर माझ्या माथी. ज्या वारी, ज्या बाजारवारी ह्यांचं लग्न लागलं, तो योग दर पस्तीस दिवसांनी येतो. त्या दिवशी मी उपास धरतो. ह्यांचं लग्न टिकावं म्हणून. एकही चुकवला नाही." मग अगदी साधेपणानं, जणू रजेचा अर्ज समजावून सांगतोय अशा स्वरात म्हणाला, "एका लग्नासाठी धरतोय तोवर ठीक आहे. आणखी किती लग्नांसाठी उपास धरू, बू? माझंही वय झालं."

मी मनात हिशेब केला. वर्षाला दहा, गुणिले अठ्ठावीस. दोनशे ऐंशीच्या वर! दोनशे ऐंशी दिवस हा माणूस माझ्यासमोर टेबलाशी उपाशी बसला, आणि मी त्याला श्वास सोडल्याबद्दल ताकीद दिली. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी विनार्नी उठली होती. तिनं फाईल ओढली, तिन्ही पत्रं बाहेर काढली, मोगऱ्याच्या वेलीसकट टराटरा फाडली आणि तुकडे पर्समध्ये टाकले.

"अहो, तो सरकारी पुरावा आहे!" सुप्रिहादी ओरडले.

"तुम्ही केळी खा," विनार्नी म्हणाली. मग लेगिमानकडे वळली. "पाक लेगिमान, उद्या आठ वाजता कामावर या. आणि हे नाही म्हणाले तर मला सांगा."

"हे नाही म्हणणार नाहीत," लेगिमान म्हणाला. "ह्यांना म्हणताच येत नाही."

"मला तुम्ही हवे आहात," मी म्हणालो. एकावन्न वर्षांत मी कुणाला तोंडावर एवढं सरळ वाक्य बोललो नव्हतो. मला भयंकर लाज वाटली. लेगिमानलाही वाटली असावी. तो पटकन खाली वाकून बुटाची नसलेली नाडी बांधू लागला.

बू सिनागांनी नाक शिंकरलं आणि कागद पुढे ओढला. तडजोड त्यांनी दोन मिनिटांत लिहिली: पत्रिकेची मागणी घेतानाच गिऱ्हाइकाला दिवसाबद्दल विचारायचं, जे सांगायचं ते लेगिमाननं तेव्हाच सांगायचं, आणि छपाई त्यानंतर. दीड वर्ष, तीन पत्रं, दोन बैठका आणि तीस वर्षांचा कोर्टाचा अनुभव कुंपणापलीकडे असताना ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकालाही सुचली नव्हती. दोघांनी सह्या केल्या. बाईंनी शिक्का मारला आणि लेगिमानला म्हणाल्या, "उपासाचं कलम मी यात घालत नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

"ते चालूच राहील, बू," तो म्हणाला.

सुप्रिहादी बसनं जातो म्हणाले. मी आणि विनार्नी गाडीत बसलो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघत बघतच ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं. आणि मला वाटत होतं, हा संसार मी टिकवला."

मी काही बोललो नाही. कारण मला वाटत होतं, तो मी टिकवला.